परदेशात शिकताना पार्ट-टाइम काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी शिकायला निघालेली मुलं सगळ्यात आधी विचारतात, "नोकरी कुठे मिळेल?" माझ्या लेखी हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न म्हणजे "मला कोणतं काम करायची मुभा आहे आणि किती तास?" नोकरी गेली तर दुसरी मिळते. व्हिसा गेला तर भरलेली फी, अर्धवट डिग्री आणि पुढच्या अर्जाची पत, सगळं एकदमच जातं. म्हणून खाली आधी नियम, मग शोधाशोध आणि मग पैसे, असा क्रम ठेवला आहे. नियम वर्ष-दोन वर्षांत बदलतात, तेव्हा काम स्वीकारण्याआधी त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याची अधिकृत माहिती एकदा स्वतः वाचा. मित्राच्या मित्राने सांगितलेला नियम बहुधा दोन बॅच जुना असतो.

विद्यार्थी व्हिसावर काम करता येतंच ना?

बहुतेक देशांत येतं, पण आपोआप नाही. ब्रिटनमध्ये तुमच्या व्हिसाच्या अटींत कामाची परवानगी आणि तास लिहिलेले असतात. डिग्रीच्या खालच्या पातळीचा कोर्स असेल तर २० ऐवजी १० तास मिळतात, आणि कोर्सच पार्ट-टाइम असेल तर शून्य. कॅनडात स्टडी परमिटवर काम करण्याची अट छापलेली असावी लागते. विमानतळावर परमिट हातात पडताच ती ओळ आहे का बघा, नसेल तर तिथल्या तिथे विचारा. जपानमध्ये विद्यार्थ्याच्या व्हिसात कामाची मुभा मुळात नसतेच, वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि ती पहिल्यांदा देशात शिरताना विमानतळावरच मागता येते. नेदरलँड्समध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यासाठी ही परवानगी मालकाने काढायची असते. तिथे छोटे मालक नाही म्हणतात ते पुष्कळदा याच कागदामुळे. तुमच्यात काही खोट आहे म्हणून नाही.

कोणत्या देशात किती तास?

शिकवणी चालू असतानाचे आकडे असे. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच. ब्रिटनमध्ये डिग्री कोर्सला २०. आयर्लंडमध्ये २०, जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४०. कॅनडात कॅम्पसबाहेर २४, हे ८ नोव्हेंबर २०२४ पासून. न्यूझीलंडमध्ये नोव्हेंबर २०२५ पासून २५. जपानमध्ये २८. नेदरलँड्समध्ये आठवड्याला १६, किंवा त्याऐवजी जून-जुलै-ऑगस्टमध्ये पूर्णवेळ, दोन्ही नाही.

काही देश आठवड्यावर मोजत नाहीत. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास आहेत, पण संशोधनावरचं मास्टर्स किंवा पीएच.डी. करणाऱ्यांना कोर्स सुरू झाल्यावर मर्यादाच नाही. फ्रान्समध्ये वर्षाला ९६४ तास. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, आणि चार तासांपर्यंतचं काम अर्ध्या दिवसात धरतात. मार्च २०२४ च्या आधी हेच आकडे १२० आणि २४० होते, म्हणून जुन्या लेखांत तुम्हाला वेगळे दिसतील.

हे आकडे किती हलते असतात हे कॅनडाकडे पाहून कळतं. आधी २० तास होते, मग नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्यादा तात्पुरती उठवली, ३० एप्रिल २०२४ ला ती सवलत संपली आणि वर्षाअखेरीस २४ तास आले. सवलतीच्या काळात गेलेल्या सीनियरने "इथे कोणी मोजत नाही" असं सांगितलं असेल तर ते तेव्हा खरंही असेल. तुमच्या वेळी नाही.

आठवडा म्हणजे कोणता आठवडा? सरासरी चालते का?

इथेच घोडं पेंड खातं. ब्रिटनमध्ये आठवडा सोमवार ते रविवार धरतात आणि सरासरी चालत नाही. या आठवड्यात १२ तास केले म्हणून पुढच्या आठवड्यात २८ करता येत नाहीत. आठ तास वाया गेले, विषय संपला.

ऑस्ट्रेलियाचा पंधरवडा आणखी फसवा आहे. कोणत्याही सोमवारी सुरू होणारे १४ दिवस म्हणजे पंधरवडा, त्यामुळे पंधरवडे एकमेकांवर चढतात. समजा पहिल्या आठवड्यात १८ तास केले, दुसऱ्यात ३० आणि तिसऱ्यात २०. पहिला-दुसरा मिळून ४८, ठीक. पण दुसरा-तिसरा मिळून ५० होतात आणि नियम मोडला. पगार पंधरवड्याने येत असला तरी हिशोब पगाराच्या पंधरवड्याने करू नका.

दोन नोकऱ्या असतील तर तास एकत्र मोजतात. एकीकडे १५ आणि दुसरीकडे १० म्हणजे २५. दोन्ही मालकांना एकमेकांचा पत्ता नसतो. बेरीज तुम्हीच ठेवायची. एक साधी वही किंवा फोनवरची शीट पुरते: तारीख, सुरुवात, शेवट, ठिकाण. मी ती पहिल्या दिवसापासून ठेवत होतो. ठेवली होती व्हिसासाठी, कामी आली पगाराच्या भांडणात. तो किस्सा खाली येईल.

सुट्टीत तर पूर्णवेळ करता येतं ना?

येतं, पण कोणती सुट्टी ते बघा. सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या मास्टर्सला. मे-जूनमध्ये लेक्चर संपतात, बॅचलर्सची मुलं घरी जातात, कॅम्पस ओस पडतो, आणि आपल्यालाही वाटतं सुट्टी लागली. पण तुमचा प्रबंध सप्टेंबरपर्यंत चालू असतो आणि तो काळ शिकवणीचाच धरला जातो. म्हणजे उन्हाळाभर २० तासच. पीएच.डी.वाल्यांना तर विद्यापीठाच्या सत्राच्या तारखा लागूच होत नाहीत; गाइडकडून मंजूर झालेली रजा हीच त्यांची सुट्टी. मालक हमखास म्हणतो, "आता सुट्टी आहे ना, ४० तास घे." त्याला विद्यापीठाचं तारखांचं पत्र दाखवा. ते पत्र त्याने स्वतःच मागायला हवं, तेव्हा देताना संकोच करू नका.

कॅनडात नियोजित सुट्टीत पूर्णवेळ चालतं, पण तुम्ही सुट्टीच्या आधी आणि नंतर पूर्णवेळ विद्यार्थी असायला हवं.

पोचल्या पोचल्या काम सुरू करू का?

ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात कोर्स सुरू होण्याआधी काम करता येत नाही. अमेरिकेत कॅम्पसवरचं काम कोर्सच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी सुरू करता येतं.

दुसरा अडथळा नंबराचा. प्रत्येक देशात पगार आणि कर यांच्याशी जोडलेला एक नंबर असतो: अमेरिकेत सोशल सिक्युरिटी नंबर, ब्रिटनमध्ये नॅशनल इन्शुरन्स नंबर, कॅनडात सोशल इन्शुरन्स नंबर, ऑस्ट्रेलियात टॅक्स फाइल नंबर, आयर्लंडमध्ये पीपीएस नंबर. हे सरकारकडून फुकट मिळतात. "नंबर काढून देतो, इतके पैसे द्या" म्हणणाऱ्याला हात जोडा.

अमेरिकेत उलटा क्रम आहे हे लक्षात ठेवा. आधी नोकरीची ऑफर, मग मालकाचं आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचं पत्र, आणि मग नंबरासाठी अर्ज. "नंबर नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून नंबर नाही" अशा विवंचनेत मुलं महिना घालवतात. तशी कोंडी खरं तर नाही. ब्रिटनमध्येही नंबर यायच्या आधी काम सुरू करता येतं. तिथे मालकाला हवा असतो शेअर कोड. तो तुमच्या ई-व्हिसाच्या खात्यातून तुम्हीच काढायचा आणि तो ९० दिवस चालतो. मुलाखतीला जाताना तो तयार ठेवा.

कॅम्पसवर कोणती कामं असतात? ती मिळतात कशी?

ग्रंथालयात पुस्तकं जागेवर लावणं, हॉस्टेलच्या रिसेप्शनवर बसणं, मेसमध्ये वाढणं आणि आवरणं, जिमच्या दारावर कार्ड तपासणं, आयटी हेल्पडेस्क, टपाल आणि पार्सल विभाग, माजी विद्यार्थ्यांना देणगीसाठी फोन करणं, प्रवेशाच्या दिवशी पाहुण्यांना कॅम्पस दाखवणं, दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी लेक्चरच्या नोट्स काढणं, परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून उभं राहणं. पुढे मग पेपर तपासणं, टीचिंग असिस्टंट, रिसर्च असिस्टंट.

यातलं कुठलंही काम हलकं नाही, पण काही कामं जास्त सोयीची असतात. रात्रीच्या रिसेप्शनवर दोन तास कोणी फिरकत नाही आणि वाचन होतं. मेसमध्ये काम लवकर मिळतं, कारण तिथे माणसं सतत सोडून जातात. पहिल्या सत्रात मेस आणि दुसऱ्या सत्रात ग्रंथालय, ही वाट पुष्कळ जण चालतात आणि ती शहाणपणाची आहे. एकदा तुम्ही विद्यापीठाच्या पगारपत्रकावर आलात की पुढच्या विभागाला तुमची कागदपत्रं नव्याने तपासत बसावं लागत नाही, शिवाय शिफारशीला एक सुपरवायझर मिळतो.

शोधायचं कुठे? विद्यापीठाचं स्वतःचं नोकऱ्यांचं पोर्टल असतं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ते हँडशेक या संकेतस्थळावर चालतं. ब्रिटनमध्ये करिअर सेवेबरोबरच विद्यार्थी संघटनेकडेही नोकऱ्यांची यादी असते. अमेरिकेत एक गोष्ट आधीच गाळून टाका: "फेडरल वर्क-स्टडी" असा शिक्का असलेल्या जागा आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना मिळत नाहीत, तो सरकारी मदतीचा भाग आहे. पन्नास अर्ज करून एकही उत्तर न आलेल्या एका मुलीची यादी मी बघितली, तर तीस जागा याच होत्या.

वेळ महत्त्वाची. सत्र सुरू होण्याआधीचे दोन आठवडे आणि पहिला आठवडा हा भरतीचा हंगाम. नंतर जागा सुटतात त्या सत्राच्या मध्यावर, परीक्षा जवळ आल्या की कोणीतरी काम सोडतं तेव्हा. पोर्टलवर ती जागा यायच्या आधी सुपरवायझरला माहीत असते. म्हणून ग्रंथालयाच्या काउंटरवर जाऊन, गर्दी नसताना, "सध्या जागा नसेल तर हरकत नाही, पुढे सुटली तर माझं नाव ठेवाल का?" एवढं विचारून या आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा तोंड दाखवा. याला चिकटपणा म्हणत नाहीत. तिथल्या लोकांना असा माणूस सोयीचा वाटतो.

प्राध्यापकांना असिस्टंटशिपसाठी ईमेल करू का?

करा, पण सगळ्यांना एकच नको. "आदरणीय सर, मला आपल्या महान संशोधनात रस आहे" हे पत्र त्यांना रोज येतं. त्यांचा एखादा पेपर खरंच वाचा, त्यातल्या कोणत्या कामाला तुमचा कोणता हात लागू शकतो ते चार ओळींत सांगा, सीव्ही जोडा, थांबा. "डेटा साफ करून देऊ शकतो, या दोन साधनांवर काम केलंय" ही ओळ स्तुतीपेक्षा कामाची. अमेरिकेत असिस्टंटशिपचे तासही त्या २० मध्येच धरतात. २० तासांची असिस्टंटशिप मिळाली की मेसची शिफ्ट सोडावी लागते.

अमेरिकेत कॅम्पसबाहेर काम करायचं असेल तर?

पहिलं शैक्षणिक वर्ष विसरा. त्यानंतर मुख्य वाट सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग असलेलं, तुमच्या विषयातलं काम; ते विद्यापीठाच्या कार्यालयाकडून आय-२० वर (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेलं प्रवेशाचं पत्रक) चढल्यावरच सुरू करायचं. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त केलं तर त्या पातळीवरचं ओपीटी, म्हणजे सहसा डिग्रीनंतर आपल्या विषयात काम करण्याची मुभा, हातचं जातं, हे करार करायच्या आधी मोजा. ओपीटी १२ महिन्यांचं आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी २४ महिन्यांची वाढ, म्हणजे ते गमावणं महागात पडतं. घरून येणारा पैसा अचानक बंद झाल्यासारखी मोठी अडचण असेल तर आर्थिक अडचणीच्या कारणाने परवानगी मागता येते, पण ती यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याकडून यावी लागते आणि त्यालाही एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं हवं.

ओळखीच्या पेट्रोल पंपावर किंवा दुकानात "फक्त शनिवार-रविवार" हे यापैकी कशातच बसत नाही. बेकायदा कामामुळे स्टेटस गेलं तर ते पुन्हा बहाल करून घेण्याचा नेहमीचा मार्गही बंद असतो.

सीव्ही कसा असावा?

एक पान. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा इथे फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती यातलं काहीच नको. जर्मनीत फोटो लावायची पद्धत अजून दिसते. दुकान-हॉटेलातल्या कामासाठी तुमचे सीजीपीए आणि प्रोजेक्ट तळाला ढकला. वर हवं: कोणत्या दिवशी किती वाजता मोकळे आहात, सोमवार ते रविवारचा छोटा तक्ता. मॅनेजर सीव्ही वाचत नाही, त्याला शुक्रवार संध्याकाळ भरायची असते. त्याखाली एक ओळ: विद्यार्थी व्हिसा, सत्रात आठवड्याला अमुक तास काम करण्यास पात्र.

ती ओळ लपवण्याचा मोह होतो. लपवू नका. ब्रिटनमध्ये बेकायदा कामावर ठेवल्यास मालकाला फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या खेपेला माणशी ४५ हजार आणि पुन्हा सापडल्यास ६० हजार पौंडांपर्यंत दंड आहे. त्यामुळे तो घाबरलेलाच असतो. तुम्हीच स्वच्छ सांगितलंत तर त्याची भीती कमी होते.

मला कसलाच अनुभव नाही. कोण घेणार?

कॉलेजचा महोत्सव सांभाळलाय? तिकीटविक्री, रांग, हिशोब, ऐनवेळी न आलेला साउंडवाला? तो अनुभवच. धाकट्या भावंडांची शिकवणी घेतली, घरच्या दुकानात बसलात, तेही लिहा; फक्त "मदत केली" असं मोघम नको, काय केलं ते लिहा. मोठ्या दुकानांत नाताळच्या हंगामी भरतीची सुरुवात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच होते. डिसेंबर उजाडल्यावर अर्ज केला तर उशीर झालेला असतो. हंगामी जागेवर आलेल्यांपैकी जे वेळेवर येतात त्यांना जानेवारीत थांबा म्हणतात.

ॲपवर डिलिव्हरी, फ्रीलान्सिंग, यूट्यूब चालेल का?

ब्रिटनमध्ये नाही. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार बंद आहे, आणि डिलिव्हरी, फ्रीलान्स डिझाइन, व्हिडिओतून येणारं जाहिरातीचं उत्पन्न, हे सगळं त्यात येतं. दुसऱ्याचं डिलिव्हरी खातं भाड्याने घेऊन चालवणं हे त्याहून वाईट. अपघात झाला तर विमा नाही आणि नाव तुमचं नाही. अमेरिकेत खोलीत बसून लॅपटॉपवर केलेलं काम हेही कामच. ऑस्ट्रेलियात डिलिव्हरी करता येते, पण तास त्याच ४८ मध्ये. जर्मनीत स्वयंरोजगाराला वेगळी परवानगी लागते. नेदरलँड्समध्ये मात्र गंमत आहे: नोकरीला मालकाची परवानगी लागते, स्वयंरोजगाराला ती लागत नाही.

सगळेच रोखीने काम करतात. मी केलं तर काय बिघडलं?

सगळे करत नाहीत. करणारे मोठ्याने बोलतात, इतकंच.

रोख पगार हा प्रत्येक देशात मुळातच गुन्हा नाही. पे-स्लिप असेल आणि कर कापला असेल तर नोटांत दिला काय आणि बँकेत टाकला काय. प्रश्न येतो पे-स्लिप नसते तेव्हा. मालक तुम्हाला किमान वेतनापेक्षा कमी देतो, कारण त्याला ठाऊक असतं की तुम्ही तक्रार करणार नाही. तुम्ही तासांची मर्यादा ओलांडली असेल तर त्याच्या हातात तुमची शेंडीच आली. पडलात, भाजलात, तर कागदोपत्री तुम्ही तिथे नव्हताच. पुढे वर्क व्हिसासाठी अर्ज करताना मधली वर्षं कशी काढली याचा मेळ बसत नाही. आणि धाड पडते तेव्हा मालकाला दंड होतो, तुम्हाला परतीचं विमान.

किमान वेतन किती ते कामाला लागायच्या आधी माहीत करून घ्या. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर अडकलंय, पण अनेक राज्यांचं त्याहून बरंच जास्त आहे आणि जास्त असेल तेच लागू होतं. ब्रिटनमध्ये ते वयाप्रमाणे बदलतं आणि दर एप्रिलमध्ये वाढतं. ऑस्ट्रेलियात कॅज्युअल, म्हणजे ठरलेल्या तासांची हमी नसलेल्या, कामगाराला पगारी रजा नसते, त्याऐवजी साधारण २५ टक्के जास्त दर मिळतो. कमी दर देऊन वर "कॅज्युअल आहेस, रजा नाही" म्हणणारा दोन्हीकडून खातो.

दोन दिवस फुकट ट्रायल मागतात. द्यावी?

तासभर काम बघणं, एखादी गोष्ट करून दाखवणं, इथवर ठीक. पूर्ण शिफ्ट केली तर पैसे मागा. मी मास्टर्सच्या पहिल्याच महिन्यात एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात शुक्रवार-शनिवार मिळून चौदा तास भांडी घासली, रविवारी मेसेज आला की "सध्या जागा भरली." शेजारच्या खोलीतल्या मुलाने त्याच्या मागच्या शुक्रवारी तेच केलं होतं. दर आठवड्याला त्यांना दोन फुकट हात मिळत होते. वहीतल्या वेळा आणि मेसेजचे फोटो घेऊन मी विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रात गेलो, त्यांनी एक पत्र पाठवलं आणि दहा दिवसांत पैसे आले. पत्र फार कडक नव्हतं. फक्त तास आणि तारखा त्यात अचूक होत्या.

फसव्या नोकऱ्या ओळखायच्या कशा?

विद्यापीठाच्या ईमेलवर, प्राध्यापकाच्या नावाने, "घरून काम, आठवड्याला थोडेच तास, चांगला पगार" असं पत्र आलं तर पाठवणाऱ्याचा पत्ता नीट बघा. पुढची पायरी ठरलेली असते: ते चेक पाठवतात, तुम्ही खात्यात भरता, "जास्तीचे पैसे सामानासाठी अमुक ठिकाणी पाठव" म्हणतात, आठवड्याने चेक परत येतो आणि पाठवलेले पैसे तुमचे गेलेले असतात.

दुसरा प्रकार जास्त गंभीर. "तुझ्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेव, बाकी पुढे पाठव." हे मनी लाँड्रिंग आहे. तुम्हाला माहीत नव्हतं हा बचाव फारसा टिकत नाही, खातं बंद होतं आणि पुढे नवं उघडणंही अवघड जातं. पार्सल घरी घेऊन पुढे पाठवण्याचं "काम" याच जातीचं. आणि नोकरीसाठी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, पासपोर्ट ठेवून घेणं, यातलं काहीही आलं की उठा.

करांचं काय करायचं?

बहुतेक विद्यार्थ्यांचा कर एक तर लागत नाही किंवा जास्तीचा कापलेला परत मिळतो, पण त्यासाठी कागद भरावे लागतात. ब्रिटनमध्ये वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत इन्कम टॅक्स नाही. सुरुवातीला चुकीच्या टॅक्स कोडमुळे (किती कर कापायचा हे मालकाला सांगणारा कोड) कापला गेला तर तो परत मिळतो. ऑस्ट्रेलियात टॅक्स फाइल नंबर दिला नाही तर सगळ्यात वरच्या दराने कापतात. तिथे मालक पगाराशिवाय १२ टक्के सुपरअॅन्युएशनमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या निधीत, भरतो. देश कायमचा सोडल्यावर त्यातला काही भाग कर कापून परत मागता येतो. मुलं हे विसरतातच. जर्मनीत मिनीजॉबची, म्हणजे कमी कमाईच्या छोट्या नोकरीची, मर्यादा जानेवारी २०२६ पासून महिना ६०३ युरो आहे.

अमेरिकेत एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के कापायचे नसतात. पहिल्या पे-स्लिपवर कापलेले दिसले तर पगार विभागाला सांगा. उत्पन्न शून्य असलं तरी फॉर्म ८८४३ (विद्यार्थी म्हणून तिथले दिवस रहिवासात धरू नका, हे कर खात्याला कळवणारा) भरायचा. आणि रिटर्न १०४०-एनआर या अनिवासींच्या फॉर्मवर. नागरिकांसाठीच्या सॉफ्टवेअरमधून भरलेलं रिटर्न चुकीचं जातं.

पार्ट-टाइमवर फी निघेल का?

नाही. राहण्या-जेवण्याचा काही भाग निघेल. व्हिसा देणारे देशही हेच धरून चालतात: जर्मनीत वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) आधीच दाखवावे लागतात, ब्रिटनच्या अर्जात पुढे मिळू शकणारी कमाई धरतच नाहीत. एजंट जर "तिथे गेल्यावर कमवून फेडशील" म्हणत असेल तर त्याला कमिशन मिळायचंय, कर्ज तुमच्या नावावर आहे.

पहिले दोन महिने काम मिळणार नाही असं समजूनच पैसे न्या. आणि २० तास ही मर्यादा आहे, उद्दिष्ट नाही. येणं-जाणं धरलं तर २० चे २६ होतात. बहुतेकांना १२ ते १५ तास झेपतात. परीक्षेच्या तीन आठवडे आधी शिफ्ट कमी करण्याची बोली नोकरी घेतानाच करून ठेवा. मॅनेजर सहसा मानतो, ऐनवेळी सांगितलं तरच चिडतो.

तास चुकून जास्त झाले. आता?

पुढची जास्तीची शिफ्ट आत्ता रद्द करा. नोंदी खोडू नका, मालकाला तास दुसऱ्याच्या नावावर टाकायला सांगू नका. एका चुकीचे दोन गुन्हे होतील. मग सल्ला घ्या. एक बारकावा: अमेरिकेत विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यावर नियमभंग नोंदवण्याची जबाबदारी असते, त्यामुळे गंभीर प्रकरणात आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांना हा सल्ला फुकट मिळतो.

मालक पगार अडवतो, "व्हिसा रद्द करायला लावीन" म्हणतो. कुठे जाऊ?

मालकाला तुमचा विद्यार्थी व्हिसा रद्द करता येत नाही. तो अधिकार सरकारचा. तक्रारीची दारं अशी: ऑस्ट्रेलियात फेअर वर्क ओम्बड्समन, ब्रिटनमध्ये सल्ल्यासाठी एकॅस ही सरकारी निधीवरची संस्था, अमेरिकेत कामगार खात्याचा वेतन आणि तास विभाग, कॅनडात प्रांताचं रोजगार मानक कार्यालय. विद्यार्थी संघटनेचं सल्ला केंद्र या सगळ्यांच्या आधी, कारण ते जवळ असतं आणि तुमच्या बाजूने पत्र लिहितं. जाताना मेसेज, रोस्टरचे फोटो, वही, पे-स्लिप सोबत न्या.

काम सोडताना काय बघायचं?

करारात लिहिलेली नोटीस द्या, ती लेखी द्या. शेवटच्या पे-स्लिपवर साठलेल्या रजेचे पैसे आलेत का बघा. ब्रिटनमध्ये वर्षाला ५.६ आठवड्यांची पगारी रजा पार्ट-टाइमवाल्यालाही त्याच्या तासांच्या प्रमाणात मिळते, आणि न घेतलेली निघताना पैशांत मिळते. पी-४५, म्हणजे नोकरी सोडताना मालक देतो तो पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, मागून घ्या, नाही तर पुढच्या नोकरीत पुन्हा चुकीचा टॅक्स कोड बसतो. सुपरवायझरचा वैयक्तिक ईमेल घेऊन ठेवा, कारण त्यांचाही ऑफिसचा पत्ता वर्षभरात बदलतो आणि शिफारसपत्र तुम्हाला नेमकं तेव्हाच लागतं. देश सोडणार असाल तर बँक खातं शेवटचा पगार आणि कराचा परतावा येईपर्यंत चालू ठेवा.